तुतनखामेनचा पाय आणि तुमचा

नलूमावशी, मान्य. तुतनखामेनचा खून झाला नव्हता.

अकरा वर्षं ज्यावरून तुमच्याशी भांडलो, ते असं एका ओळीत सोडून देतोय. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतात, "इतक्यात? अजून चहाला आधणसुद्धा आलं नाही." पण तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. समोरून उलट उत्तर येणार नसेल तर भांडण चालू ठेवण्यात काही राम नाही. रविवारी शोकसभेत कुणीतरी म्हणालं, "मावशी किती शांत स्वभावाच्या होत्या," तेव्हा मी सवयीनं तुमच्या नेहमीच्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर कोट ठेवले होते.

शिवाय एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. दोनदा सांगायला गेलो, दोन्ही वेळा तुम्ही मला गप्प केलंत. तिच्यासाठीच हे लिहायला बसलोय. पण ती शेवटी. तुमचाच नियम आहे.

सुरुवात आठवते ना? मी नागपूरहून अमेरिकेत, ईडन प्रेरीला नुकताच आलेला. सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, व्हिसाची धाकधूक, बायको प्राजक्ता, कडेवर सई. मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तुम्ही तिळगुळाचा डबा घेऊन दारापाशी बसला होतात. डॉक्टर आहेत, रेडिऑलॉजिस्ट होत्या, आता रिटायर्ड, एकट्या राहतात, मुलगा शिरीष दूर कॅरी गावी असतो, एवढी तुमची माहिती मला कोट काढता काढता मिळाली होती. मी हात पुढे केला तर तुम्ही "गोड बोला" म्हणण्याऐवजी विचारलंत, "तुतनखामेन कशानं गेला, सांग बघू?"

दुसरा कुणी असता तर हसून पुढे गेला असता. मी वैदर्भीय. थांबलो.

"मर्डर, मावशी. मागून डोक्यात घाव. टीव्हीवर पाहिलंय मी."

"कुणी केला?"

"त्याच्यानंतर तो म्हातारा गादीवर बसला ना, त्यानं. क्लिअर मोटिव्ह आहे यार."

"यार?" तुम्ही म्हणालात आणि माझ्या हातावर आणखी एक वडी ठेवलीत. "रविवारी घरी ये. फिल्म दाखवते."

तुमचं घर आमच्यापासून चार घरं सोडून निघालं. रविवारी तुम्ही कॉम्प्युटरवर त्या कोवळ्या राजाची कवटी उघडलीत. आधीचा जुना एक्स-रे, त्यात आत सुटून पडलेला हाडाचा तुकडा, आणि त्यावरून लोकांनी रचलेलं खुनाचं सगळं नाट्य. मग कितीतरी वर्षांनी झालेला सीटी स्कॅन. कवटीवर जिवंतपणीच्या घावाची खूण नाही. पण डावी मांडी गुडघ्याच्या वर मोडलेली, आणि हाड भरून यायला वेळच मिळालेला नाही. पुढच्या डीएनए तपासात मलेरियाही निघाला. "एकोणीस वर्षांचं पोरगं रे," तुम्ही म्हणालात. "मोडका पाय आणि वर ताप. इम्प्रेशन: अपघात."

हे 'इम्प्रेशन' म्हणजे तुमच्या रिपोर्टची शेवटची ओळ. सगळं बघून झाल्यावर डॉक्टरांचं मत काय, ते तिथं लिहायचं. चाळीस वर्षं रिपोर्ट लिहून तुम्हाला ती खोडच लागली होती. प्राजक्तानं केलेली वांग्याची भाजी चाखायचात आणि म्हणायचात, "इम्प्रेशन: मीठ विसरलीस."

मी हार मानली नाही. तज्ज्ञांचं अजून एकमत नाही, हा माझा हुकमी मुद्दा होता. तेव्हा तुम्ही मला तुमचा नियम सांगितलात. आधी फिल्म, म्हणजे एक्स-रे, बघायची, पेशंटची गोष्ट मागाहून ऐकायची. गोष्ट आधी ऐकली की डोळ्यांना तीच दिसायला लागते. "त्या कवटीत लोकांना खून दिसला, कारण त्यांना खून हवा होता," तुम्ही म्हणालात. "नुसता पाय घसरून राजा मेला, हे कुणाला सहन होत नाही. कुणीतरी दोषी लागतो." तेव्हा मी बिस्किट बुडवत होतो. हे वाक्य पुढे मला किती लागणार आहे, याची काय कल्पना असणार?

त्यानंतरचे रविवार मी मोजलेले नाहीत. त्या राजाला तुम्ही शिकागोत असताना पहिल्यांदा भेटलात. नुकत्याच अमेरिकेत आलेल्या, हॉस्पिटलात रेसिडेन्सी चालू, थंडी अंगवळणी पडलेली नाही, आणि त्याच्या थडग्यातल्या वस्तूंचं प्रदर्शन गावात आलेलं. सुट्टीचा एकच दिवस मिळायचा, तो तुम्ही रांगेत घालवलात. सोन्याचा मुखवटा पाहून सगळे हरखले होते, आणि तुम्ही वस्तूंची यादी वाचत उभ्या. पुढे कधीतरी अख्खी यादी मिळवून वाचलीत, त्यात लसूण होता. धने होते. मेथ्या, मसूर, हरभरे होते. "अरे, मी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून बसनं हेच तर घेऊन यायचे पिशवीत भरून!" हे सांगताना तुम्ही दर वेळी हसायचात. मला वाटतं, परक्या देशात एकटं जायचं म्हणून मेथ्या बांधून घेतलेला माणूस तुम्हाला त्या दिवशी भेटला होता. तुम्ही असं कधी म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तरी लगेच विषय बदलला असतात.

आणि तो गणपती! मावशी, त्या गणपतीचं मला आजही एकट्याला हसू येतं.

मंडळानं आरास आपल्या दोघांकडे सोपवली, ही त्यांची चूक. सगळ्यांना वाटलं, डॉक्टरीणबाई आणि इंजिनियर मिळून छानसं देऊळ करतील. आपण दीड महिना तुमच्या गराजमध्ये फ्रिजचे आणि टीव्हीचे खोके कापत होतो. सोनेरी स्प्रेचे डबेच्या डबे रिकामे झाले. तीन भिंती, पिवळी जमीन, त्यावर रांगेनं उभी माणसं, बारा माकडं. त्या राजाच्या दफनाच्या खोलीतल्या चित्रांवरून तुम्ही एकेक आकृती पेन्सिलीनं काढायचात आणि मी नि सई रंगवायचो. इतके रमलो होतो की आपण काय बांधतोय, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. सकाळी शाळेच्या हॉलमध्ये मखर उभं राहिलं, मूर्ती बसली, लोक फोटो काढायला लागले. सबनीसकाकू, म्हणजे मंडळातल्या सगळ्या पूजांच्या मुख्य अधिकारी, कौतुकानं म्हणाल्या, "काय सुरेख गं सई! ही कुठल्या देवळाची चित्रं?"

तुमच्या आठ वर्षांच्या विद्यार्थिनीनं छाती पुढे काढून सांगितलं, "It's not a temple, Kaku. It's a tomb. That's the dead king, and this guy is opening his mouth so he can eat."

फोटो काढणारे फोन खाली आले. मग काकूंचा आवाज: "अगं बाई! गणपतीला थडग्यात बसवलंत?"

मी तर जमिनीकडे बघत होतो. तुम्ही मात्र अजिबात न डगमगता म्हणालात, "काकू, तो पोरगा तीन हजार वर्षं जेवायची वाट बघतोय हो. आज मोदकाचा वास तरी लागू दे त्याला." काकूंना तो विनोद वाटला नाही. त्यांनी मंडळातल्या बायकांकडून साड्या आणि शाली गोळा केल्या, स्वतःची ठेवणीतली पैठणी गाडीतून आणली, आणि पाच मिनिटांत राजा, म्हातारा, बारा माकडं, सगळे झाकून टाकले. आरती झाली. तुम्ही माझ्या कानाशी पुटपुटलात, "थडगं सील झालं बघ. आणि रंग अजून ओला आहे."

खऱ्या थडग्यातही तेच झालं होतं, असं तुम्हीच सांगितलं होतंत. घाईघाईनं रंगवलं, ओलं असतानाच दार बंद केलं, आणि भिंतींवर तपकिरी डाग उमटले ते कायमचे. आपल्याकडे डाग पैठणीवर उमटला. हिरव्या पदरावर तळहाताएवढा सोनेरी ठिपका. ड्रायक्लीनरनं हात टेकले. काकू तुमच्याशी दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत, आणि तुम्ही चकलीचं पीठ मागायला त्यांच्या दारात जाईपर्यंत तुमचाही जीव थाऱ्यावर नव्हता. तुम्ही कबूल करणार नाही, पण मी पाहिलंय.

आता काठी. तीन वर्षांपूर्वी गुडघा कुरकुरायला लागला आणि डॉक्टरांनी काठी सांगितली. दुकानातल्या ॲल्युमिनियमच्या काठीला तुम्ही हातही लावला नाहीत. मी मागच्या अंगणातलं माजलेलं झुडूप तोडत होतो, त्यातली एक सरळ फांदी सोलून, घासून, तेल लावून तुम्हाला आणून दिली. तुम्ही ती बराच वेळ हातात फिरवलीत. त्या राजाच्या थडग्यात शंभरावर काठ्या निघाल्या, सोन्यानं मढवलेल्या, कोरीव. त्यांत एक साधा बोरूचा दांडा होता, आणि त्यावर लिहिलं होतं की हा महाराजांनी स्वतःच्या हातानं तोडला. "सगळ्या खजिन्यात मला तेवढाच आवडतो," तुम्ही म्हणालात. दुसऱ्या दिवशी काठीला चिकटपट्टी लावलेली होती आणि तिच्यावर तुमच्या डॉक्टरी अक्षरात: 'मिलिंदनं स्वतःच्या हातानं तोडलेली.'

त्याच दिवशी आपला दुसरा मोठा वाद झाला. मी गमतीत म्हटलं, "तुमच्याबरोबर ही पाठवू आम्ही." तुम्ही एकदम गंभीर झालात. "काहीही पाठवायचं नाही. एक सुती साडी, बस. त्या पोराबरोबर एवढं दिलं, त्याचा त्याला काय उपयोग झाला?" मी म्हटलं, "मावशी, ते त्याच्यासाठी नव्हतंच. मागे राहिलेल्यांना रिकाम्या हातानं निरोप देता येईना, म्हणून दिलं असेल." तुम्ही काठी टेकत उठलात आणि चहाचं आधण ठेवलंत. वाद अर्धा सोडून तुम्ही उठलात अशी ती बहुधा एकच वेळ.

मग या जानेवारीतला तो शनिवार. आदल्या रात्री गोठणारा पाऊस सांगितला होता. तुमचा ड्राइव्हवे मीच साफ करायचो, बर्फ वितळावा म्हणून मीठ मीच टाकायचो, अकरा हिवाळे. शुक्रवारी संध्याकाळी फोनवर तुम्ही म्हणालात, "पेपर घ्यायला बाहेर जाईन मी." मी म्हटलं, "सकाळी सातला येऊन मीठ टाकतो. त्याआधी दार उघडू नका." तुम्ही सव्वासात होईपर्यंत थांबलात. मी आलो सात चाळीसला. तुम्ही ड्राइव्हवेवर बसला होतात, मांडीवर पेपर, केसांवर बर्फाचे कण, आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "आलास? उचलू नकोस. खुबा गेलाय. नाइन वन वन कर."

मी म्हणालो, "सॉरी मावशी, ऑफिसचा कॉल आला होता."

तुम्ही नुसतं "हं" म्हणालात.

त्या "हं"चं मी गेला महिनाभर काय काय केलंय, ते मला माहीत. ऑपरेशननंतर रिहॅबमध्ये तुम्हाला भेटायला आलो, तेव्हा खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, "मावशी, त्या दिवशीचं एक सांगायचंय." तुम्ही हात वर केलात. "थांब. आधी फिल्म, मग गोष्ट." आणि छताकडे बघत, सावकाश, स्वतःचा रिपोर्ट सांगितलात. हाडं आधीपासूनच विरळ. अशा हाडाला पडायची गरज नसते, उभ्या उभ्याही ते जातं. पडले म्हणून मोडलं नाही. मोडलं म्हणून पडले. "इम्प्रेशन: कुणाचाही दोष नाही."

पण मावशी, रिपोर्टात 'दोष' हा शब्द नसतो. हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. रिपोर्टात हाड असतं, रेघ असते, सावली असते. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी काय सांगायला आलोय, ते तुम्ही न ऐकताच वाचलं होतंत. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा प्रयत्न केला, तर तुम्ही म्हणालात, "सईला फोन लाव, तिला पिरॅमिडचं होमवर्क आहे." मग ताप आला, निमोनिया झाला. मोडका पाय आणि वर ताप. त्या राजाचं आणि तुमचं निदान असं एकसारखं निघावं, हे तुम्हाला नक्की आवडलं असतं. मला ते माफ करता आलेलं नाही, पण तुम्ही हसला असतात हेही कळतं.

शिरीष कॅरीहून आला. तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या हातात एक खाकी पाकीट दिलं. "आईनं तुला द्यायला सांगितलं होतं. हॉस्पिटलवाल्यांकडून भांडून प्रिंट करून घेतलं तिनं, सीडी नको म्हणाली." वर चिठ्ठी होती: 'मिलिंद. आधी फिल्म.' आत तुमच्या खुब्याचा एक्स-रे.

तीन दिवस ते पाकीट माझ्या टेबलावर होतं. मी टेस्टर माणूस, बंद पाकीट मला सहन होत नाही. एखाद्या हाडाच्या डॉक्टरला दाखवलं असतं तर कदाचित त्यानं सांगितलंही असतं, आधी मोडलं की आधी पडल्या. खरं निघालं असतं तर मी सुटलो असतो. खोटं निघालं असतं तर एवढंच कळलं असतं की चाळीस वर्षांत एकही रिपोर्ट न फिरवलेल्या बाईनं एकदाच फिरवला, आणि तो माझ्यासाठी. मी ते उघडलं नाही. त्या पोराला लोकांनी पुन्हा पुन्हा बाहेर काढून तपासलं, एकदा धड झोपू दिलं नाही. तुम्हाला झोपू द्यावं असं वाटलं.

फ्युनरल होममध्ये तुम्हाला सुती साडीच नेसवली होती, तुमच्या शब्दाप्रमाणे. मग सबनीसकाकू आल्या. पिशवीतून त्यांनी ती हिरवी पैठणी काढली आणि तुमच्या अंगावर पांघरली, सोनेरी डागाचा पदर वर येईल अशी. "थंडी आहे बाहेर," एवढंच म्हणाल्या, आणि माझा दंड धरून रडल्या. मावशी, हा वाद मी जिंकलो. रिकाम्या हातानं कुणाला जमत नाही.

मग मीही माझं काम केलं. खाकी पाकीट तसंच बंद, त्या पदराखाली, तुमच्या हाताशी ठेवलं. शिरीषनं पाहिलं आणि पदर सारखा केला. आणि तुमच्याबरोबर जायची होती ती एक वस्तू मी पळवली. काठी. तुतनखामेनच्या थडग्यातही पुरल्यावर लगेच चोर शिरले होते, तेव्हा मला फार लाज वाटत नाही. ती आमच्या दाराशी उभी आहे. सई शाळेतून आली की तिला हात लावते आणि म्हणते, "Hi, Maushi."

तुमचं घर बंद आहे, पण तुम्ही शिकवलेलं सगळं आमच्याकडे नीट चालू आहे. प्राजक्ता भाजी चाखून स्वतःच म्हणते, "इम्प्रेशन: मीठ बरोबर." सईनं शाळेत निबंध लिहिलाय की राजाचा खून झाला नव्हता. मी बापाला न शोभणारी एकही हरकत घेतली नाही. अकरा वर्षं तुम्ही आम्हाला मिळालात, चार घरांवर, दर रविवारी. तक्रार करायला बसलो तरी तिच्यातून आभारच निघतात.

तर फिल्म आता तुमच्यापाशी आहे. मग गोष्ट ऐका. अडवायला तुम्ही नाही, म्हणून सांगता येतेय.

त्या सकाळी ऑफिसचा कॉल नव्हता, मावशी. गजर साडेसहाला वाजला होता. मी खिडकीतून बाहेर पाहिलंही होतं, रस्ता काचेसारखा चकाकत होता. म्हटलं, पाच मिनिटं. रजई गरम होती. दुसरं काही कारण नाही.

आज पुन्हा तसाच पाऊस झाला. सबनीसकाकूंकडे मीठ टाकलं, आमच्याकडे टाकलं, मग चार घरं चालत गेलो. तुमच्या ड्राइव्हवेवर आता पेपर पडत नाही, शिरीषनं बंद केलाय. तरी दारापासून रस्त्यापर्यंत टाकलं, कडेकडेनं, तुम्हाला आवडायचं तसं. घड्याळ पाहिलं. सातला पाच कमी होते.